क्वांगच्या वाट्याची खरवड

सायक्लोस्टाइल म्हणजे काय, हे घरातल्या एखाद्या आजोबांना विचारा, मित्रांनो. काही सांगण्याआधी ते उजवा हात हवेत गोल फिरवून दाखवतील. ते जी फिरवतात ती माझी मूठ. मी एक जुनं छपाईचं यंत्र आहे आणि भुसावळच्या एका घराच्या माळ्यावर, गोधडीखाली, बरीच वर्षं पडून होतो. झेरॉक्स आलं तसं आमचं सगळं खानदान भंगारात गेलं. मी तेवढा राहिलो, कारण माझ्या अंगावर एक काम अर्धवट पडलं होतं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही, आणि त्याचं दुःखही नाही. मला कळायला लागलं ते रेल्वेच्या कचेरीत. तिथला कारकून टाइपरायटरची रिबन काढून मेणकागदावर अक्षरं ठोकायचा. अक्षर बसेल तिथलं मेण फुटायचं. तो कागद माझ्या पिंपावर चढवायचा, आत शाई भरायची आणि मूठ फिरवायची, की पलीकडून छापलेलं पान बाहेर. गाड्यांच्या वेळा, रजेचे नियम, बदल्यांचे हुकूम, असलं काय काय मी छापलं. बदलीचं पान निघालं की लोक मला शिव्या घालायचे. करून सवरून कारकून नामानिराळा, आणि दोष माझ्या माथी.

मग कचेरीत नवं यंत्र आलं आणि मला लिलावात काढलं. मला घेतलं आरोक्यसामी नावाच्या गार्डसाहेबांनी. ते मूळचे पाँडिचेरीचे. वडिलांच्या फ्रेंच सरकारातल्या नोकरीपायी ते लहानपणी व्हिएतनामला गेले होते. परत आले ते तिथलीच बायको घेऊन, आणि पुढे रेल्वेत लागले. तिचं नाव लिएन. रेल्वे कॉलनीला ते कुठलं पेलतंय! तिनं उंबरा ओलांडला त्या आठवड्यातच ती लीलाबाई झाली.

लीलाबाईला मराठी शिकवलं शेजारच्या तानुबाईनं. तानुबाई पारोळ्याकडची, नवरा लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे इंजिनांपाशी राबणारा मजूर. तिला स्वतःला पुस्तकी मराठी येत नव्हतं, त्यामुळे लीलाबाईही खणखणीत अहिराणी बोलायला लागली. बाजारात भाजीवाल्या तिच्या तोंडाकडे बघत राहायच्या आणि घासाघीस करायचं विसरून जायच्या.

मित्रांनो, त्या वेळी लीलाबाईच्या देशात युद्ध पेटलं होतं. एक भाषा बोलणारी, एकच भात खाणारी माणसं दोन बाजूंना उभी राहून एकमेकांना मारत होती, आणि दूरचे मोठे देश त्यांना हत्यारं पुरवत होते. तिचा धाकटा भाऊ क्वांग याला एका बाजूच्या फौजेनं धरून नेलं होतं. तिचा मामेभाऊ दुसऱ्या बाजूला होता. पत्रं महिनोन्‌महिने वाटेत अडकायची, आणि यायची तेव्हा कुणीतरी गेल्याचीच खबर घेऊन यायची.

तिच्या गावाकडे एक समज आहे. ज्याच्या नावानं घरी कुणी ताट वाढत नाही, तो मेलेला माणूस भुकेला भटकत राहतो. आता युद्धात माणसं कुठे शेतात पडत होती, कुठे जंगलात, कुठे नदीत. कित्येकांची घरंच जळून गेली होती. मग त्यांना वाढणार कोण? लीलाबाईला हे सहन होईना. तिनं गार्डसाहेबांना सांगितलं, की मला छापायचं यंत्र पाहिजे. मी त्या घरात आलो तो असा.

तिनं पत्र काढलं, त्याचं नाव ‘एक वाटी भात’. एका पानाला एक माणूस. त्याचं नाव, त्याचं गाव, आणि तो काय खायचा. बस. कुणाला चिंचेच्या आंबट रश्शातला मासा आवडायचा, कुणाला केळीच्या पानात उकडलेला चिकट भात, तर कुणी एक मुलगा फक्त कच्चे आंबे मिठाला लावून खायचा. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी हेच शब्द असायचे: ‘ज्याला जमेल त्याने एक वाटी याच्यासाठी बाजूला ठेवा. हे युद्ध थांबवा.’

तिच्या भाषेची अक्षरं इंग्रजीचीच, पण त्यांना डोक्यावर टोप्या, पायाशी टिंबं, अंगाला शेपट्या. गार्डसाहेबांनी आणलेल्या जुन्या इंग्रजी टाइपरायटरला ते कुठून येणार? ती आधी अक्षरं ठोकायची, मग लोखंडी लेखणी घेऊन एकेक टोपी हातानं कोरायची. जोर जास्त झाला तर मेणकागद फाटायचा. फाटला की ती पहिल्यापासून सुरू करायची. माझं तोंड काळं असलं तरी मन काळं नाही, म्हणून कबूल करतो: इतक्या मायेनं मला कुणी कधी वापरलं नव्हतं.

माझ्यात शाई तानुबाई भरायची आणि छापलेली ओली पानं ओसरीत दोरीवर वाळत घालायची. तिला वाचता येत नव्हतं, आणि व्हिएतनामी तर शाळेतल्या अभिमन मास्तरांनाही येत नव्हतं. पण तानुबाईला कामाची रीत पाठ झाली होती. यंत्रावर मेणकागद चढला म्हणजे एक माणूस गेला, हे तिला कळायचं. ती पदर डोक्यावरून घ्यायची, विचारायची की हा काय खात होता, आणि ऐकून मान हलवायची. पितर उपाशी राहू नये, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघर पितरांच्या नावानं पाण्याची नवी घागर भरतात, उंबऱ्यावर एकेकाचं नाव घेऊन कुंकवाचं एकेक बोट ओढतात आणि त्यांचा घास निखाऱ्यावर टाकतात. ती त्याला आगारी म्हणायची.

भुसावळहून चारी दिशांना गाड्या सुटतात. गार्डसाहेबांचे दोस्त आपल्या डब्यातून गठ्ठे न्यायचे. देशात विखुरलेली व्हिएतनामी माणसं होतीच किती! पाँडिचेरीतली थोडी घरं, कोलकात्यातली काही, बोधगयेचे भिक्षू. पण त्यांच्यातही दोन बाजू होत्या. एकदा कोलकात्याहून एक गृहस्थ मुद्दाम गाडी बदलत आले. शत्रूकडच्या पोरांची नावं छापणं बंद करा, नाहीतर आमच्याकडचं कुणीही पत्र घेणार नाही, असं त्यांनी बजावलं. लीलाबाईनं त्यांना आधी जेवायला वाढलं. मग ती म्हणाली, की तुम्ही कुठल्या बाजूचे हे मी ताट वाढायच्या आधी विचारलं नाही, तसंच त्यांचंही आहे. गृहस्थ जेवले, गेले, आणि त्यांनी पत्र घेणं खरंच बंद केलं. गठ्ठा बराच लहान झाला. लीलाबाईनं एकही नाव गाळलं नाही.

आता, ज्या गावाशेजारी सरकारी कारखान्यात बंदुकीच्या गोळ्या बनतात त्या गावात परक्या भाषेतली पत्रकं छापून गाड्यांतून बाहेर जातात म्हटल्यावर पोलिसांचे कान उभे राहणारच. चुडामण नावाचे हवालदार चौकशीला आले. पानं उलटसुलट करून पाहिली, मला वाकून पाहिलं. अभिमन मास्तर लीलाबाईला विचारून विचारून काही पानांचं मराठी करायचे. त्यांना बोलावून घेतलं. मास्तरांनी घसा खाकरून वाचून दाखवलं: मासा, चिंच, हिरवी मिरची, मंद आच. हवालदारांनी मास्तरांकडे असं पाहिलं, जणू काय मास्तर त्यांची चेष्टा करताहेत. मग मास्तरांनी तळातलं वाक्य वाचलं.

 हवालदारांचा थोरला भाऊ फौजेत होता, पासष्टच्या लढाईत गेला होता. उठताना ते टोपी हातात घेऊन म्हणाले, “मन्हा भाऊनं बी छापा. त्याले कळण्यानी भाकर आवडे.”

ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं ते पान मी मराठीत छापलं. त्यानंतर पारोळ्याकडची, नरडाण्याकडची आणखी काही पानं आली. मला वाटायचं, की आपण केवढं मोठं काम करतोय. युद्ध काही थांबलं नाही. पण मित्रांनो, कुठल्यातरी अनोळखी घरात कुणा अनोळखी मुलाची वाटी बाजूला काढली जायची, आणि ते माझ्यामुळे.

त्याची किंमतही मला चुकवावी लागली. माझ्यातून गेलेली माणसं पूर्ण जात नव्हती. मागल्या पानाची शाई पुढल्या पानाला थोडी लागते, तशी ती माझ्यात थोडीथोडी उरायची. उन्हाळ्याच्या भर दुपारी मालगाडी गेली की अख्खं क्वार्टर हादरायचं आणि माझी मूठ आपोआप जराशी हलायची. लीलाबाई हातातलं काम टाकून तिच्याकडे बघायची. कोण आहे, असं ती हळूच विचारायची. मलाही वाटायचं, की आत कुणीतरी उठून बसलंय आणि त्याला भूक लागली आहे.

अखेर ते युद्ध संपलं. लोक घरी परतले. क्वांग परतला नाही. मामेभावाचं पत्र आलं, की क्वांगच्या तुकडीतलं कुणीच सापडत नाही, आता वाट पाहू नकोस. गार्डसाहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं. छोटी उषा, म्हणजे त्यांची मुलगी, आईच्या मांडीवर झोपली होती.

लीलाबाईनं मेणकागद घेतला आणि क्वांगचं पान कोरलं. क्वांगला पातेल्याच्या बुडाला लागलेली भाताची खरवड आवडायची. बहीणभावंडं जेवून उठली की तो पातेलं मांडीवर घेऊन बसायचा, खरवड अख्खी निघेल अशी काढायचा आणि तेलात परतलेली कांद्याची पात वर घालून कडाकडा खायचा. हे सगळं तिनं लिहिलं, एकेक टोपी, एकेक टिंब कोरलं. कागद माझ्या पिंपावर चढवला. मूठ धरली.

आणि ती फिरवेना. फिरवली असती तर तो मेला असता ना, मित्रांनो. तोवर तो नुसता आला नव्हता. तिचा हात माझ्या मुठीवर घामानं ओला झालेला मला आठवतो. मग तिनं तो काढून घेतला आणि माझ्यावर गोधडी टाकली.

मामेभावाचं पत्र आल्याचं तानुबाईच्या कानावर होतं, आणि आता गोधडीखाली चढलेला कागद तिनं पाहिला. कागद चढला म्हणजे माणूस गेला, एवढंच तिला ठाऊक. या वेळी तिनं काही विचारलं नाही, पानं लीलाबाईनं स्वतःच वाळवली असतील असं धरून चालली; मूठ फिरलीच नाही, हे तिला कसं कळावं?

पुढची आखाजी आली. आखाजीला खान्देशात सासुरवाशिणी माहेरी जातात आणि त्यांना न्यायला भाऊ येतो. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. कॉलनीत सकाळपासून कुणाकुणाचे भाऊ पिशव्या घेऊन येत होते. लीलाबाई दारात उभी राहून बघत होती. तिकडे तानुबाईनं आपल्या सासऱ्याच्या घागरीशेजारी आणखी एक घागर भरली, उंबऱ्यावर एक बोट जास्त ओढलं आणि मांडे, आमरस वाढून लीलाबाईला हाक मारली.

लीलाबाईनं दोन घागरी पाहिल्या. तिनं विचारलं, “ही दुसरी कोनी शे?”

“तुन्हा भाऊनी,” तानुबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत माया होती, दुसरं काही नव्हतं.

“तो मरेल नही शे,” लीलाबाई म्हणाली, आणि तिनं घागर लाथेनं उलथवली.

पितरांचं पाणी अंगणभर वाहिलं. सासऱ्याची घागरही कलंडली. एकीनं जित्या भावाला मारलं होतं, दुसरीनं मेलेल्या सासऱ्याला तहानलेला ठेवलं होतं. यात कोण कुणाला क्षमा करणार? पुढे दोघींच्या नवऱ्यांनी शेजारी शेजारीच घरं बांधली, मुलं इकडून तिकडे जेवत राहिली, पण त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. मला माळ्यावर चढवलं. शाई वाळली, उंदरांनी गोधडी कुरतडली, पुढे गार्डसाहेबही गेले. क्वांगचा कागद माझ्या अंगावर तसाच होता.

मित्रांनो, मला हसू नका, पण मी त्याची फार काळजी घेतली. पाऊस गळायचा तेव्हा मला वाटायचं, की माझं काहीही गंजो, याला पाणी लागू नये. आतले बाकीचे सगळे एव्हाना शांत झाले होते. हा एकटाच शांत नव्हता. याला अजून कुणी वाढलं नव्हतं, आणि याची कुणी आशाही सोडली नव्हती. गाडी गेली की मूठ हलायची. माळ्यावर तिच्याकडे बघायलाही कुणी नव्हतं.

आता आजचं सांगतो. लीलाबाई आज फार म्हातारी झाली आहे. ती हल्ली विसरते. कधी उषाचं नाव विसरते, कधी आपण कुठल्या गावात आहोत तेच विसरते. टीव्हीवर कुठल्यातरी देशातलं युद्ध दाखवतात, पडकी घरं आणि पांढऱ्या कापडातली मुलं, तेव्हा मात्र ती नीट बसते आणि विचारते, “या पोऱ्याले काय आवडे?” उषा टीव्ही बंद करते.

आखाजी जवळ आली की ती पिशवीत दोन लुगडी भरते आणि दारात खुर्ची टाकून बसते. क्वांग न्यायला येईल म्हणते. या वर्षी ती अशीच बसली होती. उषानं सहज विचारलं, की मामा आले तर जेवायला काय करू? लीलाबाईनं तोंड उघडलं, आणि तिला सांगता येईना. तिनं कपाळ दाबलं, बोटं चावली. तिला आठवेना. मग ती म्हातारी लहान मुलीसारखी रडायला लागली. त्याला काय आवडायचं हे जगात एकट्या तिला माहीत होतं, आणि आता तिलाही नव्हतं.

मला माहीत होतं हो! माळ्यावर मी हे सगळं ऐकत होतो. पण मला बोलायला कुणाचा तरी हात लागतो.

उषाला माझी आठवण झाली; मामाचं पान माझ्यावरच राहिलंय, हे गार्डसाहेबांनी तिला कधीतरी सांगितलं होतं. तिनं गड्याकरवी मला खाली उतरवलं, गोधडी काढली आणि कागद सोडवायला गेली, तर तो पिंपाला चिकटून बसलेला. नख लावलं तिथे कोपरा तुटला. उजेडात धरून वाचावा म्हटलं तर निघतच नव्हता. आता शाई घालून फिरवणं एवढाच मार्ग होता, आणि हे काम या गल्लीत एकाच बाईला ठाऊक होतं. उषा शेजारी गेली.

तानुबाई काठी टेकत आली. आजवर जे अंगण तिनं ओलांडलं नव्हतं ते ओलांडून ती लीलाबाईच्या खुर्चीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, “मी इचारं नही, तेच मन्हं चुकनं.” लीलाबाईला कळलं की नाही कोण जाणे. तिनं तानुबाईचा पदर धरला आणि सोडला नाही.

छापखान्यातून शाईचा डबा आणला. ती घट्ट होती. तानुबाईनं तीत एरंडेल घालून ती मऊ केली, बोटानं चाचपून पाहिली आणि मला आतून भरली. कागद एक फेरा टिकेल, जास्त नाही, असं तिनं उषाला सांगितलं. उषानं लीलाबाईचा हात आणून माझ्या मुठीवर ठेवला. तोच हात, आता हलका झालेला. मला वाटलं, आताही ती काढून घेईल.

तिनं फिरवली. माझे सांधे करकरले. निम्म्या फेऱ्यात कागद फाटायला लागल्याचं मला जाणवलं आणि मी सगळा जीव एकवटून त्याला धरून ठेवलं. पान बाहेर आलं. कागदाच्या चिंध्या झाल्या. पानावर डागच डाग होते, पण मधल्या ओळी उमटल्या होत्या, टोप्यांसकट.

लीलाबाईनं पान डोळ्यांजवळ नेलं. माणसांची नावं विसरणारी ती बाई आपल्या आईच्या भाषेत वाचायला लागली, अडखळत, मग न अडखळता. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “खरवड.”

उषाच्या कुकरात खरवड कुठली धरायला! तानुबाईनं आपल्या घरून जुनं जाड पातेलं आणलं, अंगणात तीन विटा मांडल्या आणि भात चढवला. करपल्याचा वास सुटला तशी उषा उठली. तानुबाईनं तिला खाली बसवलं. मग खरवड अख्खी काढली, वर कांद्याची पात घातली, आणि ताटली हातात धरून ती निखाऱ्यांपाशी थांबली. घास टाकला नाही. ती लीलाबाईकडे बघत राहिली.

मालगाडी गेली. घर हादरलं. माझी मूठ हलली नाही.

लीलाबाई उठली. दारातली खुर्ची तिनं आत ओढून घेतली आणि म्हणाली, “वाढ त्याले.”

मित्रांनो, मला आता भंगारात दिलं तरी चालेल. मला तेलपाणी करा, जपून ठेवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. सांगणं एवढंच आहे, की तुमच्या घरातून जी माणसं गेली, ती काय खायची हे आज संध्याकाळी जेवताना कुणाला तरी विचारा. ज्यांच्या घरी विचारायला कुणीच उरलं नाही अशी मुलं आजही रोज मरताहेत. त्यांना काय आवडायचं हे तुम्हाला कळायचं नाही. तरी भात वाढताना एक वाटी बाजूला काढा, आणि ते कुठल्या बाजूचे होते ते विचारू नका.